आजचे कोणते कलाकार बाईचं जगणं चित्रात, ड्रॉइंगमध्ये, शिल्पात खरंखुरं आणतात?

तुम्ही लिहिलंय की प्रदर्शनं बघायला जाता पण सगळीकडं घागर घेतलेली, गजरा माळलेली, डोळे अर्धवट मिटलेली बाईच दिसते, आणि बाईला आतून काय होतं ते दाखवणारं कोणी आहे का. आहेत, भरपूर आहेत. मी समीक्षक वगैरे नाही, मुंबईत फोर्टात नोकरी आहे आणि गॅलऱ्या ऑफिसच्या आसपासच, त्यामुळं बरीच वर्षं बघत आलेय, तेवढ्याच भांडवलावर सांगते. माझी आवडनावड मधे मधे येणार, ती गोड मानून घ्या.

ती घागरवाली येते कुठून ते आधी बघू. समईच्या उजेडातली एक बाई आपल्याकडं कितीतरी घरांत फ्रेम करून लावलेली असते, लोक बिनधास्त रविवर्म्याची म्हणून सांगतात, पण ते सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं जलरंगातलं चित्र आहे, 'ग्लो ऑफ होप', मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. मॉडेल त्यांची स्वतःचीच मुलगी. चित्र अफाटच आहे, बोटांच्या फटीतून येणारा तो लाल उजेड जलरंगात काढून दाखवा म्हणावं कुणाला! पण हातात दिवा धरून ताटकळत उभ्या असलेल्या त्या मुलीला काय वाटत होतं, पाय दुखत होते का, हे त्या चित्रात कुठंच नाही, आणि चित्रकाराला ते सांगायचंही नव्हतं, त्याला उजेड रंगवायचा होता. पुढं त्याच्या नकला निघत गेल्या, दिव्याच्या जागी घागर आली नि तुम्हाला दिसते ती बाई तयार झाली. आपल्या नागपूरकडच्या बी. प्रभांच्या उंच, शिडशिडीत, उदास कोळणीसुद्धा मला थोड्या याच वळणाच्या वाटतात, दिसतात छान, एअर इंडियानं सुरुवातीला घेतलेली चित्रं त्यांचीच होती, पण टोपलीचं वजन काही जाणवत नाही. बऱ्याच जणांना हे पटणार नाही, चालेल.

आता तुमच्या प्रश्नाकडं येते. मला एकच चित्रमालिका सांगायची परवानगी असती तर मी नीलिमा शेख यांची 'व्हेन चंपा ग्र्यू अप' सांगितली असती. १९८४-८५ची आहे, कागदावर टेम्पेरामध्ये, म्हणजे चिकट द्रव घालून घोटलेल्या भुकटीच्या रंगांत, केलेली बारा छोटी चित्रं. चंपा ही त्यांच्या माहितीतली खरी मुलगी. सुरुवातीला ती आपली साधी पोरगी, खेळण्याच्या वयातली, मग लग्न, मग सासर, स्वयंपाकघर, मारहाण आणि शेवटी जाळून टाकणं. हुंडाबळीच्या बातम्या तेव्हा रोज पेपरात असायच्या, सासरच्या छळाविरुद्धचं ४९८अ कलम १९८३मध्ये आलं आणि हुंडाबळीचं ३०४ब १९८६मध्ये, म्हणजे ही चित्रं बरोबर त्या मधल्या काळातली. तेव्हा पोस्टरं खूप निघाली, ज्वाळा, किंचाळणारा चेहरा वगैरे. शेखबाईंनी तसलं काहीच केलं नाही. लघुचित्रांसारखी नाजूक रेषा, मऊ रंग, आकार इतका लहान की जवळ जाऊन वाकून बघावं लागतं, आणि वाकून बघता बघता तुम्ही त्या स्वयंपाकघरात पोचता नि तिथं काय चाललंय ते कळतं तेव्हा मागं सरकायला उशीर झालेला असतो. मी छापील पुस्तकात पाहिली तरी अंगावर काटा आला.

याच नीलिमा शेख, नलिनी मलानी, अर्पिता सिंग आणि माधवी पारेख अशा चौघींनी १९८७ ते ८९ या काळात मिळून 'थ्रू द लुकिंग ग्लास' नावाचं प्रदर्शन देशात ठिकठिकाणी फिरवलं. मलानींनी त्याआधी, १९७९मध्ये, न्यूयॉर्कला बायकांनी बायकांसाठी चालवलेली ए.आय.आर. गॅलरी पाहिली होती, तिथून बायकांनी मिळून प्रदर्शन करायचं डोक्यात होतं. चौघींची चित्रं एकमेकींसारखी अजिबात नाहीत हे मला फार आवडतं, म्हणजे 'महिला चित्रकार' अशी एक टोपली करून त्यात सगळ्यांना टाकता येत नाही.

अर्पिता सिंग यांच्या बायका वयस्क असतात. पोट सुटलेलं, कातडी सैल पडलेली, कधी अंगावर काहीच नाही, आणि आजूबाजूला फुलं, मोटारी, विमानं, पिस्तुलं, आकडे असा सगळा पसारा. गुलाबी आणि निळा रंग असा जाड थापलेला असतो की चित्र गोड वाटायला लागतं आणि मग ते पिस्तूल दिसतं. पन्नाशीनंतरच्या बाईचं शरीर लाज न वाटू देता आणि दया न दाखवता रंगवलेलं तुम्ही किती ठिकाणी पाहिलंय? २०१०मध्ये त्यांचं 'विश ड्रीम' लिलावात ९ कोटी ६० लाखांना गेलं तेव्हा पेपरवाल्यांना त्यांचं नाव कळलं, असो.

नलिनी मलानी आपल्या जेजे स्कूल ऑफ आर्टच्याच. जन्म कराचीचा, फाळणीत इकडं आलेलं कुटुंब. मुंबईत लोहार चाळीत त्यांचा स्टुडिओ होता आणि त्या गल्लीतल्या कष्टकऱ्यांवर त्यांनी मालिका केलीय, ती आधी बघा, कारण मोठ्या कामांचा दबदबा इतका आहे की हे बाजूला पडतं. नंतर त्या पारदर्शक शीटच्या मागच्या बाजूनं रंगवायला लागल्या, उलट. म्हणजे आपल्याला जे सगळ्यात वर दिसतं ते त्यांना सगळ्यात आधी रंगवावं लागतं. मग हीच चित्रं गोल फिरणाऱ्या सिलेंडरांवर आली, आतून उजेड, भिंतीवर सावल्या फिरतायत आणि आपण मधे उभे. २०१२मध्ये जर्मनीत कासलच्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनात असंच काम होतं. सीता आणि ग्रीक कथांमधल्या मिडीआ, कॅसँड्रा या बायका त्यांच्याकडं पुन्हा पुन्हा येतात. कॅसँड्राला भविष्य दिसायचं पण तिचं कुणी ऐकायचं नाही, हे मी कुठल्याही ऑफिसातल्या बाईला सांगितलं की ती आधी हसते आणि मग गप्प होते.

इथपर्यंत चित्रांमध्ये निदान बाई दिसत तरी होती. पण मला हळूहळू असं वाटायला लागलंय की बाईचा अनुभव खरा पकडतात ती कामं ज्यात बाईची आकृती असो नसो, वस्तू आणि मेहनत बोलते. बंगळुरूच्या शीला गौडा यांचं 'अँड टेल हिम ऑफ माय पेन' घ्या, मूळ १९९८चं. लांबच लांब दोरा, तो सुईच्या नेढ्यातून ओवायचा आणि सबंध लांबी ओढून घ्यायची, असं एकेक सुई करत, मग ते दोरे एकत्र करून कुंकू नि गोंद लावून त्याचा लालभडक दोर केलेला, आणि टोकाला सगळ्या सुयांचा झुबका. तो दोर भिंतीवरून जमिनीवरून आतड्यासारखा पसरलेला असतो. बाईचं चित्र कुठंच नाही, पण शिवणटिपण, तेच तेच काम, कुंकू, टोचणं, सगळं आलं. आमच्याकडं एक काकू म्हणाल्या, ह्यात काय कला, दोराच तर आहे. मी म्हटलं एवढ्या सुया ओवून बघा मग बोलू, त्यावर त्या म्हणाल्या जन्मभर ओवल्याच आहेत की गं! आता ह्याहून चांगली समीक्षा मला तरी माहीत नाही.

मृणालिनी मुखर्जी यांची तागाच्या दोरखंडाची शिल्पंही अशीच, गाठ मारत मारत केलेली, कुठलंही आधी काढलेलं ड्रॉइंग नाही, माणसापेक्षा उंच, यक्षी, वनश्री अशी नावं. फुलाची पाकळी म्हणावी तर शरीर वाटतं, देवी म्हणावी तर भीती वाटते. २०१५मध्ये दिल्लीत त्यांचं मोठं प्रदर्शन उघडलं आणि आठवड्याभरात त्या गेल्या.

आणि आता माझ्या सगळ्यात आवडत्या, शकुंतला कुलकर्णी. मराठी वाचकांना ह्या बाई माहीत नसतात याचं मला दर वेळी नवल वाटतं. २०१०-१२च्या सुमारास त्यांनी 'ऑफ बॉडीज, आर्मर अँड केजेस' नावाचं काम केलं, वेताचं. आपल्या खुर्च्या, टोपल्या करतात तोच वेत, पण त्याची विणलेली चिलखतं, घेरदार झगे, शिरस्त्राणं, गळ्याभोवतीची कडी. नुसती शिल्पं म्हणून ठेवली तरी देखणी आहेत, पण बाईंनी स्वतः, वयाच्या साठीत, ती अंगावर चढवून मुंबईत रस्त्यांवर, सार्वजनिक जागी उभं राहून फोटो काढून घेतले. बघताना आधी वाटतं योद्धा आहे, कुणाची हिंमत नाही जवळ यायची. मग लक्षात येतं की ह्यांना बसता कसं येत असेल, लोकलमध्ये कसं चढणार, कुणाला मिठी कशी मारणार. रात्री उशिरा घरी जाताना बॅग छातीशी धरून, ओढणी नीट करून, फोन कानाला लावून खोटंच बोलत चालणारी कुठलीही बाई हे काम दोन सेकंदात ओळखेल. संरक्षण आणि पिंजरा एकाच वेताचा, आणि हे सांगायला भिंतीवर परिच्छेदभर मजकूर लावावा लागत नाही. २०२४मध्ये पॅरिसला दिओर या फॅशन कंपनीच्या शोमध्ये त्यांच्या वेताच्या आकृती उभ्या होत्या, तेव्हा आपल्याकडं थोडी चर्चा झाली. पॅरिसहून आलं की आपण बघतो.

भारती खेर यांच्या 'सिक्स वुमेन'बद्दल माझं मत अजून ठरत नाहीये. कोलकात्यातल्या सहा वेश्याव्यवसायातल्या बायका, त्यांच्या अंगावरून थेट प्लॅस्टरचे साचे घेतलेले, नग्न बसलेल्या, डोळे मिटलेले, आकार जिवंत माणसाएवढाच. बसण्याचे त्यांना पैसे दिले होते आणि ते लपवलेलं नाही, उलट तो व्यवहार कामाचाच भाग आहे. दमलेली शरीरं आहेत ती, त्यात मोहक काही नाही, म्हणून मला काम प्रामाणिक वाटतं. पण गॅलरीत पुन्हा त्या बायका बघायला लोक येणार आणि आपण पण त्यातलेच, हे काही डोक्यातून जात नाही. तुम्हीच बघून ठरवा.

'बायकांचा अनुभव फक्त बायकाच दाखवणार का' असंही तुम्ही शेवटी विचारलंय. नाही. नागपूरचे सवी सावरकर बघा, देवदासींवरची त्यांची ड्रॉइंग्ज आणि एचिंग्ज, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छापलेली चित्रं. आंबेडकरी माणूस, रेषा जाड, काळी, खडबडीत, सुंदर दिसण्याची अजिबात काळजी नाही. जात आणि बाईचं शरीर यांची गाठ तिथं जशी दिसते तशी वर सांगितलेल्या शहरी गॅलरीतल्या कामांत क्वचित दिसते, हे मान्यच करायला पाहिजे.

आणि गॅलरीच्या बाहेरही बघा. भास्कर कुलकर्णी नावाचे आपले मराठी चित्रकार १९६६-६७च्या दुष्काळात हस्तकलांचं सरकारी काम बघणाऱ्या पुपुल जयकरांच्या सांगण्यावरून बिहारात मधुबनीला कागद घेऊन गेले, भिंतीवर काढता ते कागदावर काढा, विकू, म्हणून. तिथल्या बायकांनी कागद घेतला आणि सीता देवी, गंगा देवी अशी नावं पुढं आली. तेच कुलकर्णी पुढं वारल्यांकडं गेले. वारली लग्नाचा चौक काढणं हे सवाशिणींचं काम, त्या चौकातली पालघाट देवी बायकांच्याच हातची. पण इथं बायका कागदाला बुजल्या आणि पुढं आले जिव्या सोमा म्हसे. ते मोठेच कलावंत, त्यात वाद नाही, पण पूर्वी जे बायकांच्या हातात होतं ते कागद, पैसा आणि प्रवास आल्यावर बऱ्याच अंशी पुरुषांच्या नावावर गेलं, हा पण बाईचा अनुभवच आहे की, फक्त त्याचं चित्र कुणी काढलेलं नाही.

गंगा देवी तर स्वतंत्र उत्तराचा विषय आहे. नवऱ्यानं दुसरी बायको आणलेली, मूल नाही, आणि ह्या बाईनं इतकी बारीक रेषा काढली की भिंगातून बघावी. कॅन्सर झाल्यावर दिल्लीत उपचार चालू असताना तिनं हॉस्पिटलचीच चित्रं काढली, तपासण्या, पलंग, सलाईन, आणि ज्या रेषेत कोहबरातलं, म्हणजे नव्या जोडप्याच्या खोलीत भिंतीवर काढतात ते, कमळ काढायचं त्याच रेषेत. १९९१मध्ये ती गेली. दिल्लीच्या क्राफ्ट्स म्युझियममधलं तिनं रंगवलेलं कोहबर घर पुढं नूतनीकरणात नाहीसं झालं, हे वाचलं तेव्हा दिवसभर चिडचिड होत होती. तिच्याच परंपरेतल्या दुलारी देवी मल्लाह समाजातल्या, कर्पूरी देवींसारख्या चित्रकर्तींकडं घरकाम करता करता शिकल्या. भिल्लांच्या भुरी बाई भोपाळच्या भारत भवनाच्या बांधकामावर मजूर होत्या, तिथं चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी त्यांना चित्र काढायला लावलं. दोघींना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली.

तरुणांपैकी ठाण्याच्या प्राजक्ता पोटनीस जरूर बघा. पोपडे आलेल्या भिंती, फ्रीजच्या आत ठेवून फोटो काढलेला फ्लॉवरचा गड्डा, बर्फ, तो पांढरा उजेड. बाई कुठंच नाही, पण तिन्हीत्रिकाळ फ्रीज उघडून आज काय करू म्हणून उभं राहणाऱ्या माणसाला ते कळतंच.

सुरुवात कुठून करू म्हणाल तर मुंबईत असाल तर फोर्ट-कुलाब्यातल्या गॅलऱ्यांपासून. प्रवेश फुकट असतो, काही ठिकाणी बेल वाजवावी लागते आणि आतला माणूस आपल्याला वरपासून खालपर्यंत बघतो, बघू द्या, काही घ्यायलाच पाहिजे असं नसतं. ड्रॉइंग आणि छोटी चित्रं पुस्तकात, फोनवर बऱ्यापैकी कळतात. शिल्पं मात्र फोनवर बघून मत बनवू नका, विशेषतः मृणालिनी मुखर्जींची, तो ताग फोटोत नुसता पडद्यासारखा दिसतो. दिल्लीला गेलात तर किरण नाडर म्युझियमच्या संग्रहात त्यांची कामं आहेत, त्या वेळी मांडलेली आहेत का ते आधी विचारून घ्या.