हँडशेक होतोय पण डीव्हीआर दिसत नाही, तर राउटिंग असं तपासा

दादा, म्हणजे तुमचं असं आहे की गंगापूर रोडच्या घरी आणि अंबडच्या युनिटमध्ये दोन्हीकडे ओपनडब्ल्यूआरटीचे (हे राउटरचं मोफत सॉफ्टवेअर) राउटर, मधे वायरगार्ड (इंटरनेटवरून दोन नेटवर्क जोडणारं व्हीपीएन, म्हणजेच टनेल), हँडशेक होतो पण घरच्या कॉम्प्युटरवरून युनिटचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) लागत नाही, आणि टनेलच्या आयपीवरून तिकडच्या राउटरचं पेज उघडलं तर ते अर्धवट लोड होऊन लटकतं.

हँडशेक होतोय ना, मग पोर्ट फॉरवर्डिंग, ५१८२० (वायरगार्डचा नेहमीचा पोर्ट), इंटरनेटवाल्याला फोन, यातलं काहीच करू नका, तो भाग ठीक आहे. हँडशेक म्हणजे दोन राउटर एकमेकांशी बोलले एवढंच, आतलं पॅकेट कुठं जाणार आणि मुख्य म्हणजे परत कसं येणार हे वेगळंच ठरतं, आणि बहुतेक जण परतीचा रस्ता बघतच नाहीत.

पहिली गडबड तुम्हीच लिहिलीये, दोन्हीकडे १९२.१६८.१.०/२४ हाच सबनेट, म्हणजे आतल्या नेटवर्कच्या (लॅनच्या) पत्त्यांचा पट्टा, आहे. डीव्हीआर १९२.१६८.१.१०८ वर, तुमचा कॉम्प्युटर पण १९२.१६८.१ मध्येच, त्यामुळे त्याला वाटतं हा तर घरातलाच डिव्हाइस, तो घरच्या लॅनवर हाका मारत बसतो आणि पॅकेट टनेलपर्यंत जातच नाही. याच्यावर सेटिंगची कितीही उलटापालट करा, उपयोग नाही, एक सबनेट बदलावाच लागेल. आणि बदलायचा तर घरचा बदला, घरी सगळं डीएचसीपीवर असतं, म्हणजे पत्ते राउटर आपोआप वाटतो, युनिटमधले कॅमेरे आणि डीव्हीआर कशाला हलवायचे. घरी १९२.१६८.७७.०/२४ करा.

मग अलाऊड आयपीज. हे नीट समजून घ्या, कारण ही यादी दोन कामं करते, जाताना कुठला पत्ता या पिअरकडे (समोरच्या राउटरकडे) पाठवायचा ते ठरवते आणि येताना त्या पिअरकडून कुठल्या पत्त्याचं पॅकेट आत घ्यायचं तेही. घरच्या राउटरवर अंबडच्या पिअरसमोर १९२.१६८.१.०/२४ आणि त्याचा टनेल आयपी, अंबडच्या राउटरवर घरच्या पिअरसमोर १९२.१६८.७७.०/२४ आणि घरचा टनेल आयपी. 'रूट अलाऊड आयपीज' ही टिक दोन्हीकडे लावा, नाहीतर रूट तयारच होत नाही. इथे ०.०.०.०/० टाकू नका, घरचं सगळं इंटरनेट अंबडवरून फिरायला लागेल. फायरवॉलमध्ये लॅन झोन आणि व्हीपीएन झोन (ज्यात वायरगार्डचा इंटरफेस आहे तो) यांच्यातलं फॉरवर्डिंग दोन्ही दिशांनी चालू हवं.

एवढं करूनही डीव्हीआर गप्प असेल तर अंबडच्या राउटरवर लॅन इंटरफेसला टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं टूल) लावा आणि घरून पिंग करा. रिक्वेस्ट डीव्हीआरकडे जाताना दिसते पण रिप्लाय नाही, असं दिसलं तर डीव्हीआरचा गेटवे बघा, म्हणजे बाहेरच्या नेटवर्कसाठी पॅकेट ज्या राउटरकडे द्यायचं त्याचा पत्ता. कॅमेरेवाले आयपी स्टॅटिक (हाताने, कायमचा) टाकतात आणि गेटवे पुष्कळदा रिकामा किंवा जुन्या राउटरचा राहतो. त्याच लॅनवर सगळं चालतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण ७७ च्या नेटवर्कला उत्तर द्यायचं तर त्याला रस्ता माहीत नसतो. तिथल्या माणसाला माउस धरायला सांगून गेटवे १९२.१६८.१.१ करून घ्या. ते जमत नसेल तर तात्पुरतं अंबडच्या लॅन झोनवर मास्करेडिंग चालू करा, डीव्हीआरला वाटेल राउटरच विचारतोय. चालतं, पण मला हा उपाय कायमचा ठेवायला आवडत नाही, लॉगमध्ये सगळे एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात.

अर्धवट पेजचं कारण बहुतेक एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार. वायरगार्ड १४२० धरतं ते १५०० च्या लाइनवर, तुमचं फायबर पीपीपीओई (लॉगिन करून जोडायची पद्धत) आहे म्हणजे १४९२, त्यातून वायरगार्डचे ८० गेले की १४१२. लहान पिंग जातं, मोठं पॅकेट मधेच पडतं. दोन्ही टोकांना १४१२ ठेवा, तरी लटकलं तर १३८०, आणि व्हीपीएन झोनवर एमएसएस क्लॅम्पिंगची (पॅकेट आधीच लहान ठेवायला लावणारी) टिक लावा.

बदल आधी अंबडच्या राउटरवर करा आणि मग घरी, उलटं केलंत तर टनेलमधून तिकडे पोचताच येणार नाही. एवढं करून अडलं तर दोन्हीकडचं 'डब्ल्यूजी शो' (वायरगार्डची स्थिती दाखवणारी कमांड) आणि रूट टेबल इथं टाका, कॉन्फिग टाकणार असाल तर प्रायव्हेट की काढून टाका.