आजीच्या साड्यांची गोधडी: कात्री लावण्याआधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आजीच्या सात साड्या तुमच्याकडे आल्यात: चार सुती, एक इरकल, एक जरीची रेशमी आणि एक नायलॉनची. सात आठवड्यांनी बहिणीचं बाळंतपण आहे, बाळाला गोधडी करायची आहे आणि उरलेल्यातून आत्या, काकू, मामा यांच्यासाठी काही लहान वस्तू. मशीन साधी, सरळ टिपेची. भरायला पॉलिस्टरचं वॅडिंग (कापसासारखा थर) आणलंय, आणि साडीला कात्री लावायला हात धजत नाहीये.

पहिलं म्हणजे, ते वॅडिंग या कामात वापरू नका. माझं माहेर माण तालुक्यातलं. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात, आणि वाकळीत वेगळं काही भरायचं नसतं. जुन्या लुगड्यांचे थर हेच तिचं भरण. कापूस पिंजून भरतात ती दुलई किंवा रजई, ती वेगळी वस्तू. बंगालचा कांथा, उत्तर कन्नडातल्या सिद्दी बायकांची कवंदी, सगळीकडे हीच रीत आहे: वापरून मऊ झालेलं कापड, थरावर थर आणि धावदोरा. आपल्या हवेला हे फार सोयीचं. सुती थरांची गोधडी घाम शोषते आणि उन्हात दुपारपर्यंत वाळते. पॉलिस्टर घाम शोषत नाही, आणि टाके विरळ पडले तर धुण्यात सरकून त्याचे गोळे होतात. नवरात्राच्या आधी आमच्या गावच्या बायका घरातल्या सगळ्या वाकळी ओढ्यावर नेऊन आपटून धुवायच्या. तेवढी धुलाई सोसणारी वस्तू आपल्याला करायची आहे.

आता साड्या. नायलॉनची बाजूला काढा. ती सुईखाली सरकते आणि पेटली तर वितळून अंगाला चिकटते, बाळाजवळ नकोच. चार सुती म्हणताय त्या खरंच सुती आहेत का, तेही बघा. प्रत्येकीच्या कडेचे दोन-तीन धागे ओढून काढा, चिमट्यात धरा आणि ताटलीवर जाळा. सुताचा धागा कागदासारखा जळतो, बोटाने चुरली की राख होते. पॉलिस्टर असेल तर टोकाला कडक मणी तयार होतो. दोन्हींची भेसळ असली तर राखेत खडे लागतात. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो. जरीची साडी बाळाच्या गोधडीत घालू नका. जर टोचते, आणि जुनं रेशीम घडीवर चिरतं.

त्यानंतर कस बघायचा, आणि इथे घाई करू नका. साडी सगळीकडे सारखी झिजत नाही. बसायच्या जागेचा भाग आणि निऱ्यांची खालची कड आधी विरते, पदर बराचसा शाबूत राहतो आणि कमरेला आत खोचलेलं टोक बहुतेक वेळा सगळ्यात ताजं असतं. फॉल उसवून टाका. साडी खिडकीपाशी उजेडात धरून हातभर हातभर सरकवत न्या. जिथे धागे सरकून जाळी दिसते तिथे खडूने खूण करा. मग दोन्ही अंगठे दोन इंचांवर ठेवून कापड उभं ओढा, आडवं ओढा. चर्र आवाज आला तर तो भाग फक्त आतल्या थरात जाईल. आवाज नाही आला तर वर किंवा खाली घेता येईल.

हे मी स्वतःच्या नुकसानीतून शिकले. माझ्या मुलाच्या वेळी सासूबाईंची सगळ्यात मऊ साडी मी हौसेनं वरच्या थराला घेतली, कारण बाळाच्या गालाला मऊ लागावं. मऊपणा म्हणजे झीज, हे लक्षातच आलं नाही. वर मशीनवर बारीक टीप मारली. तिसऱ्या धुण्यात टिपेच्या ओळीवरून कापड असं फाटलं, जसं भोकं पाडलेलं पावतीपुस्तक फाटतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी ते फाटकं उसवून आत घातलं, वर दुसरं लुगडं घेतलं आणि हाताने पुन्हा शिवलं. ती गोधडी आजही घरात आहे. मऊ ते आत आणि दणकट ते बाहेर, हे तेव्हापासून कायमचं ठरलं.

कात्रीचं तुम्ही लिहिलंय ते मला कळतं. चारही सुती साड्या कापायची गरजच नाही, हिशेब बघा. साडी साधारण 5.5 मीटर, म्हणजे 216 इंच. पन्हा, म्हणजे रुंदी, 45 इंच धरा. आधी दोन्ही बाजूंचे काठ सलग, पूर्ण लांबीचे काढून घ्या. मधे 38-39 इंच रुंदीचं कापड उरतं. त्याचे 42-42 इंचांचे तुकडे केले की एका साडीत पाच बसतात. बाळाच्या गोधडीला चार थर पुरतात, त्यालाच चौघडी म्हणतात. सगळ्या साडीचा कस चांगला निघाला तर एकाच साडीत गोधडी होते. झिजलेली निघाली तर आतले दोन थर हिचे आणि बाहेरचे दोन दुसरीचे. बाकीच्या दोन साड्या न कापता घडी घालून ठेवा. (नऊवारी असती तर आणखी सोपं होतं. नऊ वार म्हणजे 324 इंच, चार घड्या घातल्या की 81 इंच लांब आणि पन्ह्याएवढं रुंद, मोठ्या माणसाला पुरणारं अंथरूण एकही काप न देता तयार.)

धुणं आणि डांबरगोळ्या, हे मात्र नीट वाचा. साड्या कपाटात डांबरगोळ्यांत ठेवलेल्या असतील तर त्यातल्या नॅप्थलीनमुळे काही नवजात बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि जोराची कावीळ होते. जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना याचा धोका जास्त, आणि ती कमतरता बाहेरून दिसत नाही. म्हणून कापड कापण्याआधी दोनदा गरम पाण्याने धुवा आणि वास पूर्ण जाईपर्यंत रोज उन्हात टाका. नाकाला जरा जरी वास लागला तरी ती साडी बाळाच्या कामात घेऊ नका, मोठ्यांच्या भेटवस्तूंत वापरा. धुण्याने खळही निघते आणि कापड आटायचं तेवढं आटून घेतं.

रंग जातो का तेही याच वेळी बघा. पांढरा रुमाल ओला करून कापडावर अर्धा मिनिट दाबून घासा. मीठ किंवा तुरटीच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं आपण सगळ्या ऐकत आलोय, पण माझ्या हाताला त्याचा भरवसा कधी आला नाही. रुमालाला रंग लागत राहिला तर ते कापड गोधडीत घेऊ नये, बस.

आता मांडणी. फरशी पुसून वाळवा. खालचा तुकडा उलटी बाजू वर करून पसरा, त्यावर आतले दोन, सगळ्यात वर चांगला, सुलटी बाजू वर. प्रत्येक थर मधून कडेकडे तळहाताने सारत न्या. ओढायचं नाही, नुसतं सारायचं. चार कोपऱ्यांना जड काहीतरी ठेवा. आमच्याकडे वरवंटा आणि पाट असायचे. मग मधोमधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, वीत-वीत अंतरावर लांब कच्चे टाके घाला, उभे आणि आडवे. या कामाचा कंटाळा येतो, पण थर सरकू न देणं हे सगळं त्याच्यावर आहे. कच्चे टाके नीट पडले की गोधडी मांडीवर घेऊन, टीव्हीसमोर बसूनही शिवता येते.

मशीनवर शिवू का, असं विचारलंत. चार सुती थर मशीन सहज घेते. 14 नंबरची सुई लावा आणि टाका मोठा ठेवा, तीन मिलिमीटरच्या पुढे. मशीनचे दात खालचा थर पुढे ढकलतात आणि वरचा मागे राहतो, त्यामुळे ओळीच्या शेवटी चुणी पडते. ती टाळायला कच्चे टाके आणखी जवळ घ्यावे लागतील. पण तुमच्याकडे सात आठवडे आहेत आणि कापड जुनं आहे, म्हणून मी हातशिलाईच सुचवीन. ओळी लांबीच्या दिशेने, इंचभर अंतरावर. कडा सारख्या केल्यावर 36 इंच रुंदी उरली तर 36 ओळी, प्रत्येक 42 इंचांची. सगळं मिळून 42 वार शिलाई. रोज एक ओळ घातली तर 36 दिवस लागतात आणि कडेच्या पट्टीला तेरा दिवस हातात राहतात. सुरुवातीला एका ओळीला पाऊण तास लागेल, आठवड्याभरात अर्ध्यावर येईल.

दोरा सुतीच घ्या, पांढरा, दुपदरी. पॉलिस्टरचा दोरा जुन्या कापडापेक्षा चिवट असतो. ताण आला की दोरा टिकतो आणि कापड तुटतं. दुपदरी केल्यावर दोरा हातभर, म्हणजे 18 इंच, ठेवा. लांब घेतला की गुंता होतो. एका ओळीला तीनेक दोरे लागतात. गाठ थरांच्या आत ओढून घ्यायची, वर ठेवायची नाही. सुई लांब आणि बारीक घ्या, दाभण नको, दाभणाची भोकं बुजत नाहीत. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. डावा हात गोधडीखाली, सुईचं टोक खालच्या बोटाला जेमतेम जाणवलं की लगेच वर. सुईवर चार-पाच टाके भरले की मगच दोरा ओढा, आणि ओढल्यावर अंगठा ओळीवरून उलट दिशेने फिरवून कापड मोकळं करा. हा अंगठा फिरवणं विसरलं की गोधडी आखडते. मधल्या बोटाला अंगुस्तान घाला, नाहीतर आठव्या दिवशी बोट दुखायला लागतं.

कडेला पट्टी सुरुवातीला काढून ठेवलेल्या काठाची. काठाची वीण घट्ट असते, त्याच्यासारखी कड विकतच्या पट्टीला येत नाही. घेर 156 इंच होतो आणि एका बाजूचा काठ 216 इंचांचा, म्हणजे कोपरे दुमडूनही उरतो.

बाळासाठी आणखी दोन गोष्टी. टिकल्या, मणी, घुंगरू, बटण काहीही लावू नका. आणि शिवून झाल्यावर दोन्ही बाजूंनी हात फिरवून सुटलेला प्रत्येक दोरा कापा. सुटा दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो, बोट सुजतं, आणि बाळ का रडतंय ते कोणाला कळत नाही. पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाच्या अंगावर सैल पांघरूण नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणून ही गोधडी जागेपणी खाली अंथरायला, मांडीवर घ्यायला. बहिणीलाही हे सांगा, नाहीतर प्रेमाने कोणीतरी गुंडाळून ठेवतं.

लहान वस्तूंचं थोडक्यात. आत्या आणि काकूंना बटवा करा, जरीच्या साडीच्या पदराचा. आधी पदर घडीवर चिरलेला नाही ना ते बघा. दहा इंच व्यासाचे दोन गोल, एक रेशमी आणि एक सुती अस्तराचा. रेशमी गोलाच्या मागे मलमलीचा गोल टाचून घ्या, म्हणजे जुन्या रेशमावर ताण येत नाही. जोडण्याआधी रेशमी गोलाला समोरासमोर दोन काजं करा, काठापासून पावणेदोन इंचांवर. सुलट्या बाजू एकमेकींवर ठेवून अर्धा इंच सोडून गोल टीप मारा, दोन इंच उघडं ठेवा, तिथून उलटवा, इस्त्री करा, उघडं तोंड हाताने बंद करा. मग काजाच्या आत-बाहेर अशा दोन गोल टिपा, मधे अर्धा इंच. त्यातून दोन नाड्या. एका काजातून आत गेलेली नाडी पूर्ण फेरी मारून त्याच काजातून बाहेर, दुसरी समोरच्या काजातून. दोन्हीकडून ओढलं की तोंड मिटतं. पुण्यात असाल तर नाडी रविवार पेठेत मिळेल, पण त्याच साडीच्या पट्टीची वळलेली नाडी जास्त शोभते.

मामांना चष्म्याचं घर. तयार माप सात बाय साडेतीन इंच, आत सुतीचे तीन थर आणि वर इरकलीचा तुकडा. तुमचं ते पॉलिस्टरचं वॅडिंग इथेही लागणार नाही.

इरकलीबद्दल एक सांगते. तिचा पदर वेगळ्या ताण्याचा, म्हणजे वेगळ्या उभ्या धाग्यांचा असतो; अंगाच्या ताण्यात तो धाग्यांचे फासे अडकवून जोडलेला असतो. साडी उलटी करून बघा, जोडाची ओळ दिसेल. त्या ओळीवर किंवा तिच्या अगदी जवळ कात्री चालवू नका, जोड सुटत जातो. चष्म्याच्या घरासाठी अंगातला तुकडा घ्या, आतल्या टोकाकडचा, आणि पदर जोडासकट तसाच राहू द्या.

आजीने कुठे रफू केलं असेल तर तो भाग टाकू नका. माझ्या आजीच्या लुगड्यावर रुपयाएवढं रफू होतं, इतकं बारीक की बोट फिरवल्यावरच कळायचं. मी ते वाकळीच्या कोपऱ्यात वर घेतलं आणि त्याच्याभोवती टाक्यांची एक ओळ जास्त घातली. रफूभोवतीचं कापड कसाला उतरलं तर ती जागा वरच्या थरात चालते.

आज साड्या भिजत घाला. इरकलीचा ओला रुमाल करून बघा आणि किती रंग उतरला ते कळवा, मग चष्म्याच्या घराला आतून पांढरं अस्तर लावायचं की गडद ते ठरवू.