खेळणी नका मागू, ताईचं मानधन मागा

तुमचा प्रश्न असा: उत्तर नागपुरातल्या वस्तीत तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळघर काढलंय, दोन वर्षं खिशातून चालवताय, आणि कंपन्यांकडे गेलं की "खेळायला कशाला पैसे लागतात?" असं ऐकावं लागतं. मग देणगी मागायची कुणाकडे आणि कशी?

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी कामठी रोडच्या बाजूला अशाच एका खेळघराच्या वह्या लिहितो. मी शिकवत नाही, हिशेब बघतो. तेव्हा सांगेन तेही हिशेबाच्याच बाजूने.

आमच्या पहिल्याच वर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका कंपनीचा फोन आला. निधी उरलाय, चार दिवसांत खर्ची टाकायचाय. टेम्पोभर प्लॅस्टिकचे संच आले, बॅनर लागलं, फोटो झाले. अर्धे संच त्यांनी शेजारच्या अंगणवाडीला दिले. जूनमध्ये तिथे सहज डोकावलो तर सगळं कपाटात, वर कुलूप. सेविका म्हणाली, "डेडस्टॉकला चढवलं न जी. तुटलं त माह्या अंगावर येते." तिचं काय चुकलं? डेडस्टॉक म्हणजे जड वस्तूंचं रजिस्टर; त्यात वस्तू मोजतात, मूल किती वेळ खेळलं ते लिहायला त्यात रकानाच नसतो.

आमच्याकडचे संच वापरले गेले, कारण आमच्याकडे मुलांना खेळवणारी ताई होती. पुढच्या वर्षी मानधन थकलं, ती पंचकमिटीला सांगून निघून गेली. खेळणी तीच, खोली तीच, आणि आठ दिवसांत खोलीचा कोंडवाडा झाला. मोठी पोरं ठोकळे पळवायची, लहान रडायची. ठोकळे रचताना "आता हा वर ठेवला तर काय होईल?" असं विचारणारं माणूस तिथे नसलं, तर ते नुसते लाकडाचे तुकडे असतात. म्हणून माझं उत्तर एका ओळीचं आहे: खेळणी मागू नका, ताईचं मानधन मागा.

यावर कंपनीतला माणूस हमखास म्हणेल, "पगार बसत नाही, पाच टक्क्यांची मर्यादा आहे." इथे गप्प बसू नका. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर (कंपन्यांनी नफ्यातून करायचा सामाजिक खर्च) कारभारावरच्या सर्वसाधारण खर्चाला आहे. एखादा प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा खर्च नियमांनीच त्यातून वगळलेला आहे, आणि मुलांबरोबर रोज बसणाऱ्या ताईचं मानधन म्हणजे राबवणंच. अर्जात ते 'आस्थापना'खाली टाकू नका, 'प्रकल्प खर्च' म्हणून लिहा. मी एवढा एक मथळा बदलला आणि पुढची बैठक सरळ झाली.

दुसरं, 'ऑनगोइंग प्रोजेक्ट' म्हणून मागा. सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत प्रकल्प चालू शकतो, आणि न खर्चलेली रक्कम कंपनी वेगळ्या खात्यात ठेवू शकते. मग मार्चअखेरचा टेम्पो येत नाही.

कंपनी कायद्याचं कलम १३५ १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांतलं एक जरी बसलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करणं आलं. पण तुमची अडचण वेगळी आहे. तुम्हाला १२ए (संस्थेला आयकरातून सूट), ८०जी (देणगीदाराला करसवलत), सीएसआर-१ (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीचा सरकारी अर्ज) ची नोंदणी आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागेल. तुमची दोनच झाली. हे तिसरं वर्ष वाया घालवू नका. धर्मादाय कार्यालयातली नोंदणी नसेल तर आधी ती करा, आणि आजपासून हजेरी, पावत्या, बँकेतूनच मानधन असं चोख ठेवा. रोख दिलेल्या मानधनाचा अनुभव कुणाला दाखवता येत नाही.

कुणाकडे जायचं? नागपुरात वेस्टर्न कोलफील्ड्स (कोळसा) आणि मॉईल (मँगनीज) या सरकारी खाण कंपन्यांची मुख्यालयं आहेत, म्हणून सगळे आधी तिथेच रांग लावतात. पण कायदा कामाच्या परिसराला अग्रक्रम द्या म्हणतो, त्यामुळे उमरेड, सावनेर, रामटेककडच्या खाणगावांचा हक्क तुमच्या वस्तीच्या आधी येतो. हिंगणा आणि बुटीबोरीतले मध्यम कारखाने बघा. तिथे निर्णय घेणारा माणूस निदान भेटतो.

परदेशी पैशाचा नाद सध्या सोडा. खेळातून शिकण्यामागे जगात मोठा पैसा उभा आहे हे खरं. डेन्मार्कच्या लेगो कंपनीची २५ टक्के मालकी लेगो फाउंडेशनकडे आहे, आणि त्यांनी २०१८ मध्ये सीरियन व रोहिंग्या निर्वासित मुलांसाठी एकाच संस्थेला १० कोटी डॉलर दिले. पण आपल्याकडे एफसीआरएसाठी, म्हणजे परदेशी देणगी घेण्याच्या नोंदणीसाठी, तीन वर्षं आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर मोठ्या संस्थेला तो पैसा तुम्हाला पुढे देताही येत नाही.

आता "खेळायला कशाला?" याचं उत्तर. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि २०२२ चा पायाभूत स्तराचा आराखडा तीन ते आठ वयासाठी खेळच सांगतो, हे अर्जात लिहाच. पण "खेळलं की गणित आपोआप येतं" असं मात्र लिहू नका. दिल्लीत 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या मदतीने २१४ बालवाड्यांत एक प्रयोग झाला. त्यात नोबेल मिळालेल्या अर्थतज्ज्ञ एस्थर दुफ्लो होत्या, निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आले. गणिती खेळ खेळलेल्या मुलांची संख्येची आणि आकारांची जाण वर्षभरानंतरही सरस होती, पण शाळेतल्या गणितात ती पुढे गेली नाहीत. हे वाचून आमच्या ताईने सागरगोट्यांत एक भर घातली: किती झेलले ते मुलाने खडूने अंकात लिहायचं. खेळ तोच, अंकाशी गाठ तेवढी पडली. हा अभ्यास लपवण्यापेक्षा सांगितला तर समोरच्याचा विश्वास बसतो, असा माझा तरी अनुभव आहे.

आणि तिसरं वर्ष भरेपर्यंत? बोजारा, म्हणजे तान्ह्या पोळ्याला लेकरांना घरोघरी मिळणारी ओवाळणी, गोळा करा. थट्टा नाही. तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी नंदी घेऊन दारोदार जातात आणि नागपूरकर विनातक्रार हात खिशात घालतो. आम्ही त्याच दिवशी मुलांबरोबर एक चिठ्ठी दिली: 'ताईच्या मानधनासाठी दरमहा २०० रुपये.' साठ घरांनी होकार दिला, चाळीस टिकली. म्हणजे महिन्याचे आठ हजार, जे कुठल्याही कंपनीच्या बैठकीवर अवलंबून नाहीत. ठोकळे तर नंदी घडवणाऱ्या सुतारानेच उरलेल्या लाकडातून कापून दिले. कडा तेवढ्या नीट घासून घ्या, आमच्या पहिल्या खेपेला दोन पोरांच्या बोटात कुसळं गेली होती.