फसलेली गाडी काढायची, तर काय घ्यावं?

परभणी: पाणंद रस्त्यावर बोलेरो दर पावसाळ्यात फसते. ट्रॅक्टरला साखळी लावून ओढतो. दोर घेऊ का?

घ्याच. साखळी ताणत नाही. झटका बसला की सगळा भार हुकावर येतो आणि तुटलेला तुकडा काच फोडून आत येतो. नायलॉनचा कायनेटिक दोर 20 ते 30 टक्के ताणतो, त्यामुळे ओढ हळूहळू वाढते. 22 मिलिमीटर जाडीचा, 9 मीटर लांबीचा पुरतो. तुटण्याची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान तिप्पट हवी. दुकानात मिळणारे हुकवाले टो रोप बंद पडलेली गाडी डांबरीवरून नेण्यापुरतेच. टोकांना 4.75 टनी बो शॅकल (पिनने बंद होणारी लोखंडी कडी) लावा. पिन पूर्ण आवळून पाव फेरा सैल सोडा, नाहीतर ताणानंतर उघडत नाही.

ट्रॅक्टरला दोर खालच्या ड्रॉबारलाच (ओढायच्या दांड्यालाच) बांधा. टॉप लिंकला, म्हणजे अवजाराच्या वरच्या जोडाला बांधला, तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. ओढ लो गिअरमध्ये, सावकाश. जवळ उभ्या बघ्यांना आधी दोराच्या दुप्पट अंतरावर पिटाळा.

पण दोराआधी फावडं. काळी माती पाणी प्यायली की फुगते, चाकाला चिकटते आणि सोडत नाही. डिफरन्शियल (मागच्या ॲक्सलच्या मधला गोळा) मातीत टेकलं असेल तर खालची माती उपसा, चाकांपुढे उतार खणा, टायरची हवा 18 पीएसआयवर आणा. पुष्कळदा गाडी एवढ्यावरच निघते. डांबरीवर चढण्याआधी हवा पुन्हा भरा.

अंबाजोगाई: थारला 9500 पौंडी विंच पुरेल का?

पुरेल. विंच म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र. 9500 पौंड म्हणजे सुमारे 4300 किलो. भरलेल्या वजनाच्या दीडपट हा नेहमीचा हिशोब. मात्र ही ताकद ड्रमवरच्या पहिल्या थराची असते, वरच्या थरांवर ती बरीच घटते. म्हणून दोर जास्त सोडा, पण ड्रमवर आठ-दहा वेढे राहू द्या. कप्पी लावली की ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा. सिंथेटिक दोर घ्या. तुटला तरी स्टीलइतका उसळत नाही. मुरुमाचे खडे धाग्यांत शिरून त्याला आतून कापतात, तेव्हा वापरल्यावर धुवा. बाभळीला किंवा कडुनिंबाला बांधताना रुंद पट्टा, तोही बुंध्याच्या तळाशी.

लातूर: मागे फक्त टो बॉल (ट्रेलर अडकवायचा गोळा) आहे. त्यालाच दोर अडकवला तर?

अजिबात नको. झटक्याने बॉल तुटतो आणि थेट समोरच्या गाडीवर जातो. बॉलसकट मधला दांडा काढा आणि तो बसतो त्या चौकोनी नळीत शॅकलवाला हिच (ओढायचा जोड) बसवा.

जालना: रिकव्हरी बोर्ड (चाकाखाली घालायच्या दातेरी फळ्या) कामाचे आहेत का?

आहेत, चाकापुढे खणून खोचले तर. दातांत काळी माती भरली की बोर्ड गुळगुळीत होतो, दर वेळी खरवडा. चाक जागेवर गरगर फिरवलं तर प्लॅस्टिकचे दात वितळतात.