प्रार्थनेचे उत्तर लांबले म्हणजे विश्वास कमी पडला का?

प्रिय बंधू, तीन महिने प्रार्थना करूनही नोकरी मिळाली नाही म्हणजे आपला विश्वासच तोकडा पडला, हा तुमचा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. बायबलमधील मार्ककृत शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) 11व्या अध्यायातील, जे मागाल ते मिळालेच आहे असा विश्वास धरा, हे वचन एकटे उचलले की ते मंत्रासारखे वाटू लागते. परंतु त्याच्या लगेच पुढे येशू इतरांना क्षमा करण्याविषयी बोलतो, आणि मागणे हे देवाशी असलेल्या नात्याच्या आतच असते, हे तिथे उघड होते. येशूचा प्रेषित पौल याने शरीरातील काटा, म्हणजे सतत छळणारी पीडा, दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा गेला नाही, देवाची कृपा पुरेशी आहे हे उत्तर मात्र मिळाले. गेथशेमाने बागेत तर स्वतः येशूने टळावा म्हणून प्रार्थना केलेला दुःखाचा प्याला, म्हणजे क्रूसावरचे मरण, टळला नाही, मग त्याच्या विश्वासात उणीव होती असे कोण म्हणेल?

मार्कच्याच 9व्या अध्यायातील आजारी मुलाचा बाप, माझा अविश्वास घालवा, अशी विनवणी करत अर्धवट विश्वासानेच आला होता, तरी मुलगा बरा झाला. (नवख्याने आधी हाच प्रसंग वाचावा, असे माझे मत आहे.) तेव्हा मागणे स्पष्ट शब्दांत मांडा, नोकरीसाठी अर्ज करणे थांबवू नका, आणि रविवारच्या उपासनेनंतर मंडळीतील दोघातिघांना सोबत प्रार्थनेला बसवा.