सिएटलला जाताय? ड्राय फॉल्ससाठी वेळ काढाच

मुलाकडे सिएटलला निघालोय, हिमयुगातल्या महापुरांनी कोरलेला वॉशिंग्टन राज्यातला प्रदेश बघायला दोन दिवस काढावेत का, की नुसताच ओसाड माळ आहे, असं तुम्ही विचारलंय. दोन दिवस जरूर काढा. मी कोल्हापूरचा. आपल्याकडच्या माणसाला ही जागा चटकन कळते, कारण खडक ओळखीचा आहे. पन्हाळ्याच्या डोंगरात दिसतात तसेच काळ्या बेसाल्टचे थरावर थर. फक्त आपला खडक साडेसहा कोटी वर्षांचा, तिथला सुमारे दीड कोटींचा.

साधारण 15 ते 18 हजार वर्षांपूर्वी हिमनदीने क्लार्क फोर्क नदी अडवली आणि मोंटाना राज्यात मिसूला हा तलाव तुंबला. पाणी 2,000 घन किलोमीटर. पावसाळ्यात आपण टीएमसीत बोलतो ना, त्या हिशेबाने 105 टीएमसीच्या कोयनेसारखी सहाशेहून जास्त धरणं! बर्फाचा बांध फुटला की तलाव काही दिवसांत रिकामा व्हायचा आणि ते पाणी पूर्व वॉशिंग्टनवरून धावायचं. मग बर्फ पुन्हा सरकायचा, पाणी पुन्हा तुंबायचं. असं कितीतरी वेळा झालं.

ड्राय फॉल्स म्हणजे त्याच पुरांनी कोरलेला, आता कोरडा पडलेला धबधबा. त्याचा कडा सुमारे 120 मीटर उंच आणि साडेपाच किलोमीटर रुंद आहे, पाणी मात्र फक्त तळाशी, छोट्या तळ्यांत. तिथे घाई करू नका. कड्याचा खडक निरखून बघा. लाव्हा थंड होताना उभ्या भेगा पडून त्याचे खांब झालेत. पुराने नुसता खडक घासला नाही, हे खांब उपटून नेले, आणि तसतसा कडा मागे सरकत गेला. पूर ऐन भरात असताना तर अख्खा कडाच पाण्याखाली असायचा.

भूवैज्ञानिक जे हार्लन ब्रेट्झ यांनी 1923 मध्ये हे महापुराचं काम आहे असं मांडलं, तेव्हा बहुतेक भूवैज्ञानिकांनी ते धुडकावलं. 1979 मध्ये त्यांना पेनरोज पदक हा भूविज्ञानातला मोठा सन्मान मिळाला, तेव्हा ते 96 वर्षांचे होते. हा माणूस पायी हिंडून, दगड बघून त्या निष्कर्षाला आला होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सिएटलहून गाडीने तीनेक तास लागतात. वाटेत व्हँटेजजवळ फ्रेंचमन कूली या पुराने कोरलेल्या घळीत थांबा, तिथे ते खांब अगदी हाताशी येतात. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन फार, सावली जवळजवळ नाहीच; मे किंवा सप्टेंबर बरा. याच पुरांनी घडवलेला पालूस धबधबा बराच आडबाजूला आहे, तो दुसऱ्या दिवसावर ठेवा.