आई-बाबांना छोट्या विमानातून हडसन नदीवरून न्यूयॉर्क दाखवायला नेऊ का?

नक्की न्या. तुम्ही लिहिलंय की लायसन्स नुकतंच हातात आलंय, न्यू जर्सीतून सेसना १७२ भाड्याने घेता, आणि न्यूअर्क, लाग्वार्डिया, जेएफके या तीन मोठ्या विमानतळांच्या मधोमध कंट्रोल टॉवरशी बोलायची धास्ती वाटते, म्हणून टॉवरशी बोलावं लागत नाही त्या खालच्या मार्गाने जायचा विचार आहे. मीही इथूनच उडतो, आणि माझं मत नेमकं उलट आहे. पहिल्यांदा वरूनच जा, टॉवरशी बोलत.

खालचा मार्ग म्हणजे नदीवरचं ‘एक्सक्लूजन’, म्हणजे नियंत्रित हद्दीतून वगळलेला पट्टा. तिथे १,३०० फुटांच्या खाली ब्रावो एअरस्पेस (मोठ्या विमानतळांभोवतीची नियंत्रित हवाई हद्द) नाही, त्यामुळे क्लिअरन्स, म्हणजे कंट्रोलरची परवानगी, लागत नाही. पण तिथे तुम्हाला इतरांपासून लांब ठेवणारंही कुणी नसतं. रेडिओच्या १२३.०५ या फ्रिक्वेन्सीवर ज्याने त्याने आपलं विमान, ठिकाण, दिशा आणि उंची सांगायची: ‘इंट्रेपिड (नदीकाठचं संग्रहालय-जहाज), साउथबाउंड, अकराशे फूट.’ उत्तरेला जाताना पूर्व किनारा धरायचा, दक्षिणेला जाताना पश्चिम किनारा. वेग १४० नॉटच्या आत. आरपार जाणाऱ्यांनी हजार फुटांच्या वर राहायचं, कारण खाली पर्यटकांची हेलिकॉप्टरं घिरट्या घालत असतात. हे नियम ८ ऑगस्ट २००९ च्या धडकेनंतर आले. एक छोटं पायपर विमान आणि सहलीचं एक हेलिकॉप्टर नदीवर एकमेकांवर आदळले आणि नऊ जण गेले. पायपरच्या पायलटने न्यूअर्क टॉवरची फ्रिक्वेन्सी रीडबॅक करताना, म्हणजे ऐकलेलं परत म्हणून दाखवताना, चुकीची म्हटली होती, आणि धडकेपर्यंत त्याचा तिथे संपर्क झालाच नाही. रीडबॅकला मी इतका जपतो तो यामुळे.

वरचा मार्ग म्हणजे ‘स्कायलाइन रूट’. हा ब्रावोच्या आतून, २,००० फुटांपर्यंत, टॉवर देईल त्या उंचीवर. ब्रावोच्या बाहेर असतानाच चार्टवर दिलेल्या टॉवरला हाक मारा: कोण, कुठे, किती उंचीवर, काय हवंय. चार गोष्टी, एका दमात. घरी मोठ्याने म्हणून सराव करा, तोंडात बसतं. कंट्रोलरने तुमचा कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव) घेतला, स्क्वॉक कोड (रडारवर ओळखायचा आकडा) दिला, तरी ती परवानगी नाही. ‘क्लिअर्ड इन्टू द ब्रावो’ हे शब्द कानावर पडेपर्यंत आत नाक घालायचं नाही. नाही म्हणाले तर बाहेर थांबून थोड्या वेळाने पुन्हा विचारा. त्यांना न्यूअर्कची विमानं सांभाळायची असतात, त्यात राग धरण्यासारखं काही नाही. वर इंजिन बंद पडलं तर हाताशी उंचीही जास्त राहते. लाइफ जॅकेट मात्र दोन्हीकडे हवंच.

दृश्य कमी दिसेल असं वाटत असेल, तर नाही. वन वर्ल्ड ट्रेड सेंटर १,७७६ फूट आहे. दीड हजारावरूनही त्याचं टोक तुमच्याहून वरच असतं.

आता बसण्याचं. दक्षिणेला जाताना मॅनहॅटन डावीकडे, परतताना उजवीकडे. आईंना तुमच्या मागे डावीकडे बसवा, बाबांना पुढे उजवीकडे. जाताना आईंना शहर, येताना बाबांना. निघण्याआधीच सांगून ठेवा की नदीवर असेपर्यंत तुमच्याशी कुणी बोलायचं नाही, फक्त दुसरं विमान दिसलं तर बोटाने दाखवायचं. इमारतींची नावं सांगायचं काम तुमचं नाही, ती उतरल्यावर फोटो बघताना सांगा. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याभोवती चक्कर मारायचा आग्रह होईल. मारू नका, हेलिकॉप्टरांची सगळ्यात दाट गर्दी तिथेच असते.

त्यांना नेण्याआधी एकदा इन्स्ट्रक्टरबरोबर हाच फेरा मारा, आणि एफएएचा (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचा) या हद्दीवरचा ऑनलाइन कोर्सही करा. आणि निघायच्या दिवशी नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना, बघाच. मेटलाइफ किंवा यांकी स्टेडियममध्ये सामना असला, राष्ट्राध्यक्ष शहरात असले, किंवा सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांची आमसभा भरली असली, की आदल्या दिवशी मोकळं असलेलं आकाश त्या दिवशी बंद असतं.